आमच्याकडे सगळे असेच

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आमच्याकडे सगळे असेच आहेत हो, बारकेच." बोलणारी कधी आई असते, बहुतेक वेळा आजी. डॉक्टरांनी तक्त्यावर ठिपका मांडलेला असतो, तो खालच्या रेषेला चिकटलेला असतो आणि आजी नातवाच्या वतीने वकीलपत्र घेऊन उभी राहते. "याच्या बाबांच्या घराण्यात उंचीच नाही." "आम्ही कोकणातले, आमचा बांधाच तसा." डोंगरावरच्या वस्तीतल्या अंगणवाडीत हेच वाक्य थोड्या वेगळ्या सुरात येतं: "ताई, आमच्यात पोरं अशीच असतात. पुढे वाढतात."

या एका वाक्यात दोन दावे दडलेले आहेत. उंची आईबापांकडून येते, हा पहिला. उंची 'आमच्यातून', म्हणजे जातीतून, प्रांतातून, समाजातून येते, हा दुसरा. पहिला बऱ्याच अंशी खरा आहे. दुसऱ्याला पुरावा फारच तोकडा आहे. तरीही दुसरा डोळ्यांना इतका पटतो, याला कारण आहे आणि या प्रकरणात त्या कारणाचाच माग काढायचा आहे.

आधी पहिला दावा. पोटभर खाणाऱ्या आणि फारशा आजारी न पडणाऱ्या लोकांमध्ये एका माणसाची उंची दुसऱ्यापेक्षा वेगळी का, याचं सुमारे ८० टक्के उत्तर आनुवंशिकतेत सापडतं. उंचीचं एखादं जनुक नसतं. २०२२ साली ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी संबंधित असे १२ हजारांवर बारीकसारीक फरक मिळाले. प्रत्येकाचा हातभार मिलिमीटरच्या अंशाएवढा. हे फरक सगळ्या समाजांत विखुरलेले आहेत. म्हणूनच कोळ्यांतही ताडमाड माणसं असतात, पंजाब्यांतही ठेंगणी. पण हा ८० टक्क्यांचा आकडा एकाच परिस्थितीत वाढलेल्या माणसांविषयी बोलतो, दोन परिस्थितींमधल्या फरकाविषयी नाही. ज्वारीचं एकाच पोत्यातलं बी अर्धं काळ्या जमिनीत आणि अर्धं मुरमाड रानात पेरलं, तर प्रत्येक रानातल्या ताटांमधला फरक बियाण्याचा असेल, दोन रानांमधला मात्र जमिनीचाच.

मुंबईच्या उपनगरांत ही दोन रानं एकमेकांना खेटून आहेत. मुलुंड आणि घाटकोपरमध्ये कच्छी-गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अंधेरीच्या मरोळला आणि बोरिवलीच्या आयसी कॉलनीत ईस्ट इंडियन, वेसाव्याला आणि गोराईला कोळी. आरेच्या केल्टीपाड्यात, जीवाच्या पाड्यात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांत वारली, मल्हार कोळी, कातकरी. असल्फ्याच्या डोंगरावर आणि भांडुपच्या उतारांवर घाटावरची, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली माणसं. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. म्हणजे इथे 'कोण' आणि 'कुठे' हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. वारल्याचं मूल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर वाढलेलं आपण सहसा पाहतच नाही, आणि कच्छी व्यापाऱ्याचं मूल पाड्यावर. त्यामुळे दोघांच्या उंचीतला फरक रक्ताचा की पत्त्याचा, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. नजर मात्र निकाल देऊन मोकळी होते.

देशभराचे आकडे हाच गुंता दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. महाराष्ट्रात ३५.२ टक्के. अनुसूचित जमातींत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास. संपत्तीनुसार पाच समान गट पाडले, तर सर्वांत गरीब गटात ४६ टक्के आणि सर्वांत श्रीमंत गटात २३. (हे सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे देवनारला, गोवंडी स्टेशन रोडवर. सगळ्या देशाची उंची मोजणारी कचेरी एम पूर्व विभागात आहे, जिथे देवनारचं डम्पिंग ग्राउंडही आहे आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात जो विभाग अगदी तळाला होता. मुंबई असे योगायोग मुद्दाम जुळवते की काय, असं वाटावं.)

'खुरटलेलं' म्हणजे काय, तेही पाहून घेऊ. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मध्यम लांबी ८६.४ सेंटीमीटर धरली आहे. ८० सेंटीमीटरच्या खाली असेल तर ती खुरटलेल्यांत मोजतात. निरोगी, सुस्थितीतल्या समाजातही शंभरात दोन-तीन मुलं निव्वळ आनुवंशिकतेमुळे या रेषेखाली असतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. दवाखान्यातल्या आजीचं म्हणणं या दोन-तीन मुलांपुरतं अगदी बरोबर आहे. उरलेल्या तीस-चाळीस मुलांचं काय, हा प्रश्न आहे.

समाजांची शरीरं मोजण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावू पाहत होते. त्याच परंपरेच्या थेट गाभ्यात जाऊन परत आलेली मराठी बाई म्हणजे इरावती कर्वे. त्यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल आणि वंशाचं श्रेष्ठत्व यांचा संबंध असावा, अशी तिथली अपेक्षा. कर्वेबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. त्या काळच्या बर्लिनमध्ये, त्या गुरूपुढे, हे लिहायला काय लागलं असेल याची कल्पना करावी. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रभरच्या लोकांची मापं घेतली आणि १९५१ साली ती प्रसिद्ध केली. कर्वे यांच्या कामातून वारंवार निघणारा निष्कर्ष असा, की एकाच जातीच्या नावाखाली येणाऱ्या पोटजाती शरीराने एकमेकींच्या जवळच्या असतीलच असं नाही. म्हणजे 'आमच्यात' हा शब्द ज्या गटाकडे बोट दाखवतो, तो गट शरीरशास्त्राच्या दृष्टीने एक गट आहे की नाही, इथपासूनच शंका आहे.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न निकाली काढायचा, तर एकच रास्त मार्ग होता: निरनिराळ्या देशांतली, पण सारख्याच चांगल्या परिस्थितीतली मुलं शोधायची आणि ती कशी वाढतात ते पाहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात हे केलं. ब्राझीलचं पेलोतास, घानाचं आक्रा, नॉर्वेचं ओस्लो, ओमानचं मस्कत, अमेरिकेचं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. सुमारे साडेआठ हजार मुलं. आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावरच्या दुधावर, घर खाऊनपिऊन सुखी. त्याआधी जगभर वापरात असलेला तक्ता अमेरिकन मुलांवरून, त्यातही बऱ्याच बाटलीच्या दुधावरच्या मुलांवरून काढलेला होता. नव्या अभ्यासात पहिल्या पाच वर्षांच्या वाढीच्या सहा रेषा जवळपास एकमेकींवर बसल्या. लांबीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतला वाटा फक्त ३ टक्के, तर एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला सुमारे ७० टक्के. ओस्लोच्या आया दिल्लीच्या आयांपेक्षा बऱ्याच उंच होत्या, तरीही. २००६ साली यावरूनच आजचे तक्ते निघाले, आणि अंगणवाडीताईंच्या मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर ॲपही याच मापांवर चालतं.

दिल्ली लांब वाटत असेल तर नागपूर घ्या. २००९ नंतर ऑक्सफर्डच्या पुढाकाराने असाच अभ्यास पोटातल्या बाळांचा झाला. आठ ठिकाणं होती: ऑक्सफर्ड, सिॲटल, तुरीन, नैरोबी, मस्कत, पेलोतास, बीजिंगजवळचा एक तालुका आणि नागपूर. सुस्थितीतल्या, निरोगी ४,६०७ गरोदर बायकांची सोनोग्राफी ठरावीक आठवड्यांनी, एकाच पद्धतीने झाली. गर्भाच्या डोक्याचा घेर असो की जन्मावेळची लांबी, ठिकाणाठिकाणांतला फरक ४ टक्क्यांच्या आतच राहिला. नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्डचं बाळ लांबीला जवळपास सारखं. वजनात मात्र नागपूरची बाळं हलकी होती. ही गोष्ट विसरू नका, शेवटी ती लागणार आहे.

असं असेल तर गेली पन्नास वर्षं भांडण कशाचं चाललं होतं? तेही पुण्यात, आणि तिथेही मराठी माणसांमध्ये. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे साताऱ्याकडचे, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी दोन दशकं काढली आणि निवृत्तीनंतर पुण्याला आले. त्यांचं म्हणणं असं: माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी मोजू नका. डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८०च्या सुमारास हाच धागा ओढून 'लहान पण निरोगी' हा सिद्धान्त मांडला. भारतातली बहुतेक ठेंगणी मुलं आजारी नाहीत, त्यांनी परिस्थितीशी हातमिळवणी केली आहे, एवढंच. याला विरोध करणाऱ्यांत वि. म. दांडेकर होते, तेच ज्यांनी कर्वेबाईंबरोबर महाराष्ट्र मोजला होता आणि नंतर नीलकंठ रथ यांच्याबरोबर उष्मांकांवरून देशाची दारिद्र्यरेषा काढली होती. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तर १९८३ मध्ये एका लेखाच्या मथळ्यातच विचारलं, की लहान असणं निरोगीपणाचं असेल, तर ते फक्त गरिबांसाठीच का?

सुखात्मे यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता आणि त्यांना गरिबांचा शत्रू ठरवणं अन्यायाचं आहे. माणसाची गरज खरोखरच बदलते. पण शरीराने जुळवून घेतलं म्हणजे फुकटात जुळवून घेतलं, असं होत नाही. वाढ थांबवूनच ते जुळवून घेतं. आणि ती थांबते तेव्हा बाकीही बरंच थांबलेलं असतं: आजाराला तोंड देण्याची ताकद, कष्टाची क्षमता, आणि मुलगी असेल तर पुढे तिच्या पोटातल्या बाळाला मिळणारी जागा. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी हाच वाद नव्या रूपात उकरून काढला. भारतीय मुलं आफ्रिकेतल्या अधिक गरीब देशांतल्या मुलांपेक्षा ठेंगणी निघतात, श्रीमंत घरांतलीही पुरेशी उंच नसतात, तेव्हा हा जनुकांचा प्रश्न असावा आणि मोजपट्टीच चुकीची असावी, असा त्यांचा रोख होता. त्यावर उत्तरं भरपूर आली. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता: श्रीमंत पाचव्या हिश्श्यातही २३ टक्के मुलं खुरटलेली का?

आता इथे आजीचं वाक्य पुन्हा पुढे येतं, आणि या वेळी डॉक्टरांच्या गणितातून येतं. मूल मोठेपणी साधारण किती उंच होईल, हे काढायचं एक सोपं सूत्र आहे. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढायची, मुलगा असेल तर साडेसहा सेंटीमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे. आई १४८, वडील १६०. सरासरी १५४. मुलगा १६०.५ च्या आसपास जाईल, मुलगी १४७.५ च्या. मग आज तिचा ठिपका तळाशी असला तरी "घराण्याला धरून आहे" म्हणून फाइल मिटते. गणित बरोबर, निदान चुकू शकतं. कारण सूत्र गृहीत धरतं, की आईवडील स्वतः पुरेपूर वाढले होते. आईच १४८ वर अडकली असेल, तर तिची अडलेली वाढ या बेरजेतून लेकीच्या नावावर चढते, आणि कागदावर तिला आनुवंशिकता म्हणतात.

असल्फ्याच्या किंवा भांडुपच्या एखाद्या घराचा हिशेब मांडून पाहा. आज तिथे दोन वर्षांची मुलगी आहे. आई तिशीची, १९९०च्या दशकात जन्मलेली. आजी १९६०च्या दशकातली, म्हणजे १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा शाळकरी वयाची. त्या वर्षी साताऱ्या-नगरच्या कोरड्या तालुक्यांत लाल मिलो खाऊन आणि दुष्काळी कामावरची सुकडी वाटून घेऊन पोरं जगली, आणि अनेक कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या वस्त्यांत आली. त्या पोरीचं पुढे लग्न झालं, लेक झाली. आता शरीरशास्त्रातली एक साधी गोष्ट: मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आजच्या या चिमुरडीचं बीज तिच्या आजीच्या गर्भाशयात, आजीच्या त्या काळच्या रक्तावर तयार झालेलं आहे. ठेंगण्या आईच्या ओटीपोटात जागा कमी, बाळ लहान, लहान बाळ मोठं होऊन पुन्हा ठेंगणी आई. हे चक्र तीन पिढ्या फिरलं, की बाहेरच्या माणसाला ते वारसा वाटतं. घरच्यांनाही वाटतं. वारसा आहेच तो, पण जनुकांचा नाही.

या चक्राला उलटं फिरवायला किती वेळ लागतो, याची दोन उदाहरणं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवतात आणि म्हणूनच दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ग्वाटेमालाच्या माया लोकांना जगातल्या सर्वांत ठेंगण्या लोकांत मोजतात. बॅरी बोगिन या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेत स्थलांतर केलेल्या माया कुटुंबांची मुलं मोजली, तेव्हा ती ग्वाटेमालातल्या त्याच वयाच्या माया मुलांपेक्षा सरासरी ११ सेंटीमीटरच्या आसपास उंच भरली, आणि त्यातली बहुतेक वाढ पायांच्या लांबीत होती. एका पिढीत! दुसरं उदाहरण स्वीडनचं. भारतातून दत्तक गेलेल्या मुलींचा तिथे १९९०च्या सुमारास अभ्यास झाला. स्वीडनला पोहोचल्यावर त्यांची वाढ झपाट्याने झाली, मागचा अनुशेष भरून निघू लागला. पण त्यांची पाळीही लवकर आली, सरासरी ११.६ व्या वर्षी. पाळीनंतर हाडांची टोकं जुळून येतात आणि उंची थांबते. त्यांची अंतिम उंची १५४ सेंटीमीटरच राहिली. पोटातली आणि पहिल्या दोन वर्षांतली उपासमार नंतरच्या स्वीडिश दुधाने पूर्ण भरून निघाली नाही. श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या २३ टक्क्यांचं उत्तर मला इथे बऱ्यापैकी दिसतं. घरात पैसा आला तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. आईचं शरीर त्याआधी घडलेलं. (शिवाय देशातला सर्वांत श्रीमंत पाचवा हिस्सा म्हणजे सगळे काही मुलुंडच्या टॉवरमधले नव्हेत. पक्कं घर, फ्रिज आणि दुचाकीवाली असंख्य कुटुंबंही त्यात येतात.)

हे चक्र आईपासूनच तोडता येईल का, याचा एक प्रयोग मुंबईच्याच वस्त्यांमध्ये झाला. त्याचं मूळ पुण्यातलं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. मग वांद्रे पूर्वेच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेत डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी ठरवलं, की हेच तीन पदार्थ घालून रोज एक खाऊ करायचा आणि दिवस राहण्याआधीपासून द्यायचा. प्रकल्पाचं नाव सरस. खाऊचं रूप समोशा-कटलेटसारखं, कारण वस्तीतली बाई औषधासारखी गोळी विसरेल, गरम समोसा विसरणार नाही. साडेसहा हजार बायका चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागल्या. एका गटाच्या सारणात पालेभाजी, फळ, दूध. दुसऱ्याच्या सारणात बटाटा-कांदा. बायका रोज केंद्रावर येत आणि कार्यकर्त्यांच्या समोर खात, नाहीतर तो खाऊ घरी नेऊन मुलांना नाहीतर नवऱ्याला वाढला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निकाल २०१४ मध्ये आला आणि तो प्रामाणिकपणे सांगायचा तर संमिश्र होता. सगळ्या बायका मिळून पाहिलं तर जन्मवजनात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ खाल्लेल्यांची बाळं मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हा न मागता मिळालेला फायदा. पण चटका लावणारी गोष्ट वेगळीच होती. ज्या बायका आधीच अगदी बारीक होत्या, त्यांच्या बाळांना फायदा झालाच नाही. झाला तो जरा भरल्या अंगाच्या बायकांच्या बाळांना. कदाचित कृश शरीर आलेलं अन्न आधी स्वतःच्या डागडुजीला वापरतं. म्हणजे ज्या घरात उंचीची कमतरता सर्वांत जुनी, तिथे एका समोशाची मात्रा सर्वांत कमी लागू पडते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत लाडू वाटण्याच्या योजनांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज यावरून येतो.

अन्नाखेरीज दुसरा मोठा संशयित म्हणजे संडास. वारंवार जुलाब झाले, आतडं कायम सुजलेलं राहिलं, की खाल्लेलं अंगी लागत नाही, हा विचार तर्काला धरून आहे. २००४ च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या गावांत हागणदारीमुक्तीची मोहीम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत राबवली गेली, तेव्हा तिथल्या लहान मुलांच्या उंचीत फरक दिसला. नंतर बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगांत मात्र घरोघरी संडास आणि स्वच्छ पाण्याने उंची वाढली नाही. माझा कयास असा, की घरचा संडास पुरेसा नसतो, सगळी वस्ती स्वच्छ व्हावी लागते. ज्या वस्तीत सार्वजनिक संडासापुढे सकाळी रांग लागते आणि लहान पोरांना दारापुढच्या गटारावर बसवतात, तिथे एका घराने काय साधणार?

ही वाढ रक्तात लिहिलेली नाही, याचा माझ्या मते सर्वांत सरळ पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं खुरटलेली होती. २०१२ च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २४ टक्के आढळलं. श्रेय मिशनचं किती, वाढत्या उत्पन्नाचं किती, मुलींच्या शिक्षणाचं किती, यावर वाद घालता येईल. सात वर्षांत जनुकं बदलत नाहीत, यावर घालता येणार नाही. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत राज्याचा पाच वर्षांखालचा आकडा ३४-३५ टक्क्यांवरच घुटमळतो आहे, हेही त्याच निष्ठुरपणे नोंदवलं पाहिजे.

आता हे सगळे आकडे जिथून निघतात, त्या खोलीत जाऊ. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये अंगणवाडी म्हणजे बहुधा भाड्याची एक खोली. सेविका, मदतनीस, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, भिंतीवर फळांचा तक्ता. दोन वर्षांखालच्या बाळाला मोजायचं ते झोपवून, लांबी मापकावर. एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून तळपाय सरकत्या फळीला काटकोनात लावायचे. बाळ रडतं, पाय आखडतं, आई बाजूला कासावीस होते, आणि मदतनीस बाहेर मुलांना खाऊ वाढत असेल तर ताई एकटीच. एक पाय जरा वाकडा राहिला की सेंटीमीटर गेला. दोन वर्षं पूर्ण झाली की तेच मूल उभं करून मोजायचं. उभं मोजल्यावर मूल आडव्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर कमी भरतं, पाठीचा कणा दबतो म्हणून. पंचवीस महिन्यांचं मूल उभं राहायला तयार नाही म्हणून झोपवून मोजलं आणि ॲपमध्ये तसं नोंदवलं नाही, तर काठावरचं मूल काठाच्या वर जातं. वजन मोजणं सोपं, म्हणून वजनावर सगळ्यांचं लक्ष. दंडाला पट्टी लावणं त्याहून सोपं: साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा. पण वजन आणि दंड आजचा तुटवडा सांगतात. मागच्या दोन-तीन वर्षांचा साठलेला तुटवडा फक्त उंची सांगते, आणि नेमकी तीच नीट मोजायला दोन माणसं लागतात.

राहिलं नागपूरच्या हलक्या बाळांचं. याज्ञिकांच्या सहा गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. फरक फक्त वजनाचा असता तर गोष्ट सोपी होती. पण मापं घेतली तेव्हा दिसलं, की पुण्याची बाळं पोटाला आणि स्नायूंना बरीच कमी आणि चरबीला त्या मानाने कमी नाहीत. पाठीवरची चरबी तर जवळपास टिकून होती. बारीक दिसणारं, आतून चरबी राखून असलेलं बाळ. हे जनुकांमुळे की पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोषणामुळे, हा वाद मिटलेला नाही. याज्ञिक आणि आनंदवर्धन हर्डीकर यांचा सहभाग असलेल्या एका प्रयोगात उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवल्या. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी मधुमेहाकडे झुकणारं शरीर सुधारलं नाही.

म्हणून उंचीच्या बाबतीत "आमच्यात" हा शब्द खोडून काढणारे बालरोगतज्ज्ञ लठ्ठपणाच्या बाबतीत तो स्वीकारतात. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली स्वतंत्र तक्ते काढले, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. त्यांत जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या निर्देशांकांना धरून आखली आहे, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० ला धरून नाही, कारण तेवढ्याच वजनाला आपल्या शरीरात चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. घाटकोपरच्या सोसायटीतला आठवीतला मुलगा, ज्याला घरातले कौतुकाने 'खात्यापित्या घरचा' म्हणतात, परदेशी तक्त्यावर ठीक दिसतो आणि या तक्त्यावर रेषा ओलांडतो. त्याच रस्त्याच्या पलीकडे डोंगरावरचं खुरटलेलं मूल आता पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर आणि चहा-बिस्किटावर वजन धरू लागलं आहे. त्याची उंची वाढण्याची खिडकी मिटत आलेली असते, कंबरेची नाही. शाळेच्या तपासणीत दोघांचं फक्त वजन घेतात. डोंगरावरच्या मुलाचं वजन 'सुधारलं' अशी नोंद होते, आणि ते उंचीशी ताडून पाहायला त्या रजिस्टरात रकाना असला, तरी तो बऱ्याचदा कोराच असतो.